चव्वेचाळीस वाइन आणि एक सही

स्टोअरकाकांना वास येत नाही, ही गोष्ट अख्ख्या इमारतीत फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि ती म्हणजे काकू. सरकारी इस्पितळाच्या भांडारात तेहेतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर नाकाचं जे व्हायचं ते झालं होतं. फिनेल, स्पिरिट, डांबराच्या गोळ्या आणि धुवायला जायच्या घोंगड्या यांच्या सहवासात नाकाने पहिली चार वर्षं तक्रार केली आणि पाचव्या वर्षी काम सोडलं. काकांनी ही बाब वरिष्ठांना कळवली नाही. दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीत डोळे पाहत, दात पाहत, वजन करत; नाक मात्र जागेवर आहे एवढं पाहून पुढे जात. घरी दूध उतू जाऊन करपलं तरी काका शांतपणे शेजारी बसून पेपर वाचत, आणि काकू जिन्यात कुणाशी तरी बोलता बोलता तिथूनच ओरडत, "अहो, गॅस बंद करा!"

काकूंचं नाक ही वेगळीच चीज होती. तळमजल्यावरच्या दंतवैद्याने आज लवंगेचं तेल वापरलं की नाही, हे त्या दुसऱ्या मजल्यावरून सांगत. कुणी ओले मोजे कोंडून ठेवलेत, कुणी सिगरेट सोडल्याचं बायकोला खोटंच सांगितलंय, सगळं त्यांना जिना चढता चढता कळे. या नाकाला आजवर कोणी मान दिला नव्हता. "तुलाच बरे सगळे वास येतात," असं लहानपणापासून ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

तर अशा या घरात एका मंगळवारी परीक्षक म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र आलं, आणि ते काकांच्या नावे होतं.

पत्र रस्त्यावरच्या रहिवासी व दुकानदार मंडळाचं होतं. हे मंडळ दरवर्षी एकेका दुकानाला पितळी पाटी देत असे. न्हाव्याला स्वच्छतेची मिळाली होती, औषधवाल्याला सौजन्याची (याबद्दल रस्त्यात दोन मतं होती). यंदा कोपऱ्यावरच्या बार अँड ग्रिलने उत्तम वाइन लिस्टच्या पाटीसाठी अर्ज केला होता. परीक्षक याच रस्त्यावर राहणारा हवा, आणि निकाल निःपक्षपाती लागावा म्हणून त्याने त्या बारमध्ये कधी पाऊल टाकलेलं नसावं, असा नियम होता. मंडळाने घरोघर चौकशी केली (काकू त्या वेळी जिन्यात बोलत होत्या, त्यांना कोणी विचारलंच नाही) तेव्हा नियमात बसणारी दोनच माणसं सापडली. एक स्टोअरकाका आणि दुसरी शेजारच्या इमारतीतली पाच महिन्यांची मुलगी. मुलीच्या आईने हरकत घेतली.

काका निवृत्त होऊन सात महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर कार्ड लावलं होतं: आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, सही. आठव्या दिवशी काकूंनी सगळी कार्डं गोळा करून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चहात साखर घालायला मला तुमची सही लागणार नाही." तेव्हापासून काका खिडकीत बसत. खरं सांगायचं तर त्यांना फार वाईट वाटत होतं. तेहेतीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय त्या इस्पितळात कापसाचा बोळासुद्धा हलला नव्हता, आणि आता 'आज कोणता वार?' एवढंही कोणी त्यांना विचारत नव्हतं.

"अहो, पण तुम्हाला तर…" पत्र वाचून काकूंनी आपल्या नाकाला बोट लावलं.

"हळू बोल," काका म्हणाले. घरात दोघंच होती.

"नाही म्हणून कळवून टाका. तब्येत बरी नाही म्हणा."

"अगं, सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी विचारलंय."

काकूंनी पत्र आणखी एकदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "शनिवारी ना? निळा शर्ट इस्त्री करून ठेवते."

बातमी इमारतीत पसरायला दूधवाल्याची एक फेरी पुरली. त्या संध्याकाळपासून घरात सल्लागारांची रीघ लागली. दंतवैद्य म्हणाले, परीक्षेआधी तीन दिवस पेस्ट लावू नका, नुसत्या कोमट पाण्याने चूळ भरा. (हा सल्ला दंतवैद्याने द्यावा याचं काकांना नवल वाटलं, पण फुकट तपासणाऱ्याशी वाद कोण घालणार.) तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आधी चमचाभर लोणी खा, म्हणजे चढत नाही. औषधवाला सौजन्याने म्हणाला, लोणी मुळीच खाऊ नका, जीभ बधिर होते, त्यापेक्षा कोरडा पाव चघळा. काकांनी दोन्ही केलं. परिणामी शुक्रवारी त्यांचं पोट बिघडलं आणि त्या दिवसाचा अभ्यास बुडाला.

अभ्यास घ्यायला मेहुणे येत होते. काकूंचे हे धाकटे भाऊ विम्याच्या कंपनीत होते. सहा वर्षांपूर्वी ते दोन दिवसांच्या सहलीला एका द्राक्षाच्या मळ्यावर जाऊन आले, आणि तेव्हापासून त्यांनी साधं पाणीसुद्धा ग्लास गोल फिरवल्याशिवाय प्यायलेलं नाही. परीक्षकपदासाठी अर्ज त्यांनीही केला होता. ते या रस्त्यावर राहत नव्हते, म्हणून अर्ज फेटाळला गेला. मग त्यांनी स्वतःच स्वतःला तज्ज्ञ सल्लागार नेमून घेतलं.

"भाऊजी, ग्लास देठाला धरायचा. फिरवा. मनगटातून, खांद्यातून नाही!"

काकांनी मनगटातून फिरवला. ग्लासात सरावासाठी द्राक्षाचा रस होता. तो निम्मा टेबलक्लॉथवर गेला आणि निम्मा मेहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"आता नाक आत घाला. काय येतंय?"

काकांनी नाक घातलं. काहीही आलं नाही. "द्राक्षं," ते अंदाजाने म्हणाले.

"द्राक्षं कोणीही म्हणेल! ओली माती म्हणा. चामडं म्हणा. ओक म्हणा, ओक. जुन्या पेटीचं लाकूड."

"ओली माती आणि चामडं निघालं असतं तर आम्ही माल परत पाठवला असता," काका म्हणाले. पण रात्री त्यांनी वहीत चौदा वास लिहून काढले आणि पाठ करायला घेतले. काकूंनी शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मी येते शनिवारी. तुमच्या बाजूला बसते. चांगलं असेल तर टेबलाखालून एकदा पाय दाबीन, वाईट असेल तर दोनदा. त्यापुढे तुम्ही तुमची ती माती काय ती म्हणा."

इतक्या वर्षांच्या संसारात ही योजना दोघांनी मिळून केलेली पहिलीच लबाडी होती, आणि त्यामुळे दोघांनाही जराशी मजा वाटत होती.

मंडळाचे सेक्रेटरी रस्त्याच्या टोकाला स्टेशनरीचं दुकान चालवत. छापील फॉर्मवर त्यांचा फार जीव. मंडळाचे सगळे फॉर्म ते स्वतःच छापत, त्यामुळे मंडळात फॉर्मांना तोटा नव्हता. काका शनिवारी सकाळी परीक्षेचा फॉर्म आणायला गेले, तेव्हा त्यांना एका फॉर्मसाठी अर्ज करायचा फॉर्म आधी भरावा लागला. परीक्षेच्या फॉर्मवर दहा प्रश्न होते आणि त्यातले सात वासाबद्दल. काकांनी ते सात दोनदा मोजले. पण त्यांची नजर शेवटच्या ओळीवर अडकली. 'यादीतील सर्व वाइन मी स्वतः तपासल्या आहेत' असं तिथे छापलं होतं, आणि खाली सहीसाठी रेघ होती.

"सर्व?" काकांनी विचारलं. "किती आहेत?"

"चव्वेचाळीस. पण तुम्ही दोन-तीन चाखा हो. सही काय, करून टाकायची."

सही करून टाकायची! घरी येईपर्यंत काकांचे कान गरम होते. हाताला लागल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. एकदा रबरी पिशव्यांचं सीलबंद खोकं आलं होतं, बारा नग. मोठे डॉक्टर घड्याळ दाखवत समोर उभे असताना काकांनी ते फोडायला लावलं होतं. आत अकरा पिशव्या निघाल्या आणि एक जुना बूट. त्या दिवशी डॉक्टर त्यांना 'साहेब' म्हणाले होते. एकदाच, पण म्हणाले होते.

दुपारी चार वाजता मंडळी बारमध्ये जमली. जागा साधीच, म्हणजे आठ टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेला फळा, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही आणि मागे ग्रिलवर भाजत असलेले बटाटे नि कोंबडी. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी घातली होती. काकांनी पहिल्याच मिनिटात ती नीट सरळ केली. मालक अंगाने दांडगा, स्वभावाने भिडस्त. हातातला चिमटा कुठे ठेवावा हे न सुचून तो चिमट्यासकट नमस्कार करत होता. त्याचा मुच्छड वेटर अकरा वर्षं तिथेच होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही भाव उमटत नसे.

आणि मग यादी आली. चामड्याच्या जाड फोल्डरमध्ये सहा पानं, वळणदार अक्षरांत चव्वेचाळीस नावं, प्रत्येकापुढे नंबर. मेहुण्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"भाऊजी, निवड माझ्यावर सोडा. सतरा नंबर आणा. मग एकतीस. आणि शेवटी…" त्यांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "चाळीस! डबल लीव्हर क्लासिक! ही मला मळ्यावरसुद्धा मिळाली नव्हती."

मालकाने वेटरकडे पाहिलं. वेटरने छताकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि प्रत्येकासाठी तीन-तीन ग्लास घेऊन आला.

सतरा नंबरचा घोट घेऊन मेहुण्यांनी डोळे मिटले. "ओली माती. आणि मागून, अगदी मागून, चामडं." एकतीसला ते म्हणाले, "ही सतराच्या बरोबर उलट. इथे माती नाहीच. चेरी." आणि चाळीसच्या वेळी त्यांना बोलायलाच क्षणभर लागला. "म्हातारे वेल आहेत हो हे. साठ-सत्तर वर्षांचे. अशी वाइन घाईने होत नाही."

सेक्रेटरी मान डोलावत होते. काका पेन हातात धरून पायावर दाब यायची वाट पाहत होते. दाब काही येईना. टेबल गोल होतं आणि टेबलाखाली आठ पाय होते, त्यामुळे काकूंचा पाय तिन्ही वेळा सेक्रेटरींच्या पायावर पडत होता. पहिल्यांदा सेक्रेटरींनी खुर्ची सरकवली. दुसऱ्यांदा ते लाल झाले. तिसऱ्या खेपेला ते काकूंकडे न बघता, गरज नसताना मोठ्यांदा म्हणाले, "वहिनी, बाकी घरी सगळं ठीक ना?"

शेवटी काकूंनी पायांचा नाद सोडला. तिन्ही ग्लास त्यांनी एकापाठोपाठ एक नाकाशी नेले, खाली ठेवले आणि सरळ सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या तिन्ही एकच आहेत."

मेहुणे खो खो हसले. "ताई! अगं, हे दूध नासलंय की नाही ते सांगण्याइतकं सोपं नाही. तुझं आपलं लहानपणापासून असंच, म्हणे मला वास येतो!"

सेक्रेटरीही हसले, सुटल्यासारखे हसले. काकूही हसल्या. पण ते हसू काकांना ओळखीचं होतं. कोणी आपल्याला खुळ्यात काढलं की काकू असं हसत आणि मग तासभर कशाचंच काही बोलत नसत. काकांना मनापासून राग आला. त्या तीन ग्लासांत काय आहे हे त्यांच्या नाकाला कळत नव्हतं, पण काकूंचं नाक एवढ्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पेन खिशात घातलं, कानावरची पेन्सिल काढली आणि उठले.

"स्टोअर कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"काय?" मालक म्हणाला.

"माल. माल कुठे ठेवता? यादी घ्या आणि चला."

हा आवाज काकूंनी घरी कधी ऐकला नव्हता. हा भांडारातला आवाज होता. मालक निमूटपणे पुढे झाला, त्याच्यामागे काका, वेटर, सेक्रेटरी, मेहुणे आणि सगळ्यात शेवटी आपला ग्लास घेऊन काकू. स्वयंपाकघरामागच्या खोलीत कांद्यांची पोती होती, मोडक्या खुर्च्या होत्या, बंद पडलेलं बर्फाचं यंत्र होतं आणि भिंतीशी एक लाकडी मांडणी. काकांनी एक खुर्ची ओढली, फोल्डर मांडीवर घेतलं आणि पुकारा सुरू केला.

"एक?"

वेटरने मांडणीवरची बाटली उचलून दाखवली. काकांनी ती हातात घेतली, चिठ्ठी वाचली, परत दिली आणि यादीवर खूण केली.

"दोन?"

वेटरने मांडणीवर उगाच हात फिरवला.

"दोन?" काकांनी पुन्हा विचारलं.

"नेमकी आत्ताच संपली," वेटर म्हणाला. हे त्याच्या तोंडून सवयीनेच गेलं असावं, कारण लगेच तो म्हणाला, "नाही."

तीन नव्हती. चार होती, तीही उघडलेली. पाचपासून दहापर्यंत कोणीच हजर नव्हतं. अकरा सापडली. सतरा पुकारताना काकांनी चष्म्यावरून मेहुण्यांकडे पाहिलं, सतरा नव्हती. एकोणीस, सव्वीस, तेहेतीस होत्या. एकतीस कधीच आली नव्हती. मेहुणे बर्फाच्या यंत्रावरची कंपनीची चिठ्ठी फार लक्ष देऊन वाचू लागले.

"चाळीस?" काका म्हणाले. "डबल लीव्हर क्लासिक?"

"आहे!" वेटर म्हणाला, आणि त्याने एप्रनच्या खिशातून बूच काढायचं यंत्र काढून काकांच्या हातात ठेवलं. स्टीलचं, दोन दांड्यांचं. त्यावर कोरलं होतं: डबल लीव्हर क्लासिक.

काकांनी यंत्र उलटसुलट पाहिलं, दोन्ही दांड्या वरखाली करून पाहिल्या आणि यादीवर खूण केली. मग मेहुण्यांकडे वळून ते गंभीरपणे म्हणाले, "वेल मात्र साठ-सत्तर वर्षांचे ना?"

मेहुण्यांनी त्यानंतर बराच वेळ ग्लास फिरवला नाही.

चव्वेचाळिसावी बाटली सापडली आणि पुकारा संपला. यादीत चव्वेचाळीस, हाताला लागल्या सात, आणि वर एक यंत्र. वेटरने सगळं सांगून टाकलं. कोणी कुठलाही लाल नंबर मागितला की तो चार नंबरची बाटली ओतायचा, पांढरा मागितला की अकरा. अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, आणि आज पहिल्यांदाच कोणीतरी तीन ग्लास शेजारी शेजारी ठेवून हुंगले होते.

मालक कांद्याच्या पोत्यावर बसला. एवढा दांडगा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते. "काका, मी मुळात सातच ठेवतो. सातच परवडतात, सातच खपतात. यादी छापायला गेलो तर म्हणाले, सात नावांचं एक पान होतं, आणि चामड्याच्या फोल्डरला निदान सहा पानं लागतात. नाहीतर बाइंडिंग बसत नाही."

"कोण म्हणाले?"

मालक आणि वेटर दोघंही सेक्रेटरींकडे बघू लागले.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तांत्रिक अडचण होती," ते म्हणाले. "माझ्या माळ्यावर एका वाइन कंपनीचा जुना कॅटलॉग पडला होता. त्यातून नावं उतरवली. शेवटी शेवटी पानं संपत आली आणि… तिथे बहुधा अवजारांचं पान सुरू झालं असावं."

आता पेच आला फॉर्मचा. फॉर्मवर दोनच चौकोन होते, मंजूर आणि नामंजूर. मंजूर म्हणावं तर खोट्यावर सही. नामंजूर म्हणावं तर नियमाप्रमाणे निकाल मंडळाच्या फलकावर लागणार, कारणासकट, आणि कारणात सेक्रेटरींचं दुकान येणार. सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. मालक मात्र मान वर न करता म्हणाला, "नामंजूर लिहा काका. खोटं ते खोटंच. मला तर रोज यादी पुढे करताना लाज वाटायची. पण सात नावांची यादी पुढे करायचीही लाजच वाटायची."

काकांनी जरा विचार केला. "आमच्या भांडारात मोजणीत तूट आली," ते म्हणाले, "तर आम्ही भांडार बंद करत नसू. आम्ही रजिस्टर दुरुस्त करत असू. पट्टी आहे का कुणाकडे?"

पट्टी अर्थातच सेक्रेटरींच्या खिशात होती. काकांनी ती घेतली आणि छत्तीस नावांवर एकेक सरळ रेघ मारली. मग सगळ्यांना परत बाहेरच्या टेबलाशी नेलं, वही उघडली, सात बाटल्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या, आणि स्वतः बाजूला होऊन परीक्षकाची खुर्ची काकूंपुढे केली.

"हे काय?" सेक्रेटरी म्हणाले. "परीक्षक तुम्ही आहात."

काकांना वाटलं होतं की हे सांगताना जीभ अडखळेल. पण एकदा पेन्सिल हातात आली की त्यांना कसलंच भय वाटत नसे. "मला वास येत नाही," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. "एकोणतीस वर्षं झाली. फिनेलने गेलं. मी मोजतो, वास या घेतात. ज्यांनी नुसत्या वासावर तीन ग्लास ओळखले, त्यांना मघाशी आपण सगळे हसलात."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला, पहिला ग्लास उचलला, आणि ग्लास मुळीच न फिरवता सांगायला लागल्या. काका लिहीत गेले.

"एक नंबर. पांढरी. हिरव्या सफरचंदाचा वास. उन्हातून आलेल्या माणसाला द्यावी. चार नंबर. लाल. पहिला घोट आंबट, दुसरा बरा, भाजलेल्या बटाट्यांबरोबर तक्रार नाही. एकोणीस. लाल. नव्या बुटांच्या खोक्याचा वास."

"चामडं!" मेहुणे ओरडले. "मी म्हटलं होतं!"

"तू चारला म्हणाला होतास," काकू म्हणाल्या. "सव्वीस. गुलाबी. खोकल्याच्या औषधासारखी गोड. लहान ग्लासात द्यावी, मागितली तरच. आणि ही चव्वेचाळीस नंबरची बाटली नासली आहे हो. बदला."

मालकाने बाटली हुंगली आणि मान डोलावली. खरंच नासली होती.

सात नोंदी पुऱ्या झाल्या. काकांनी फॉर्मवर मंजूरच्या चौकोनात खूण केली आणि पुढे लिहिलं: दुरुस्त यादीसह. सहीची रेघ एकच होती. सेक्रेटरी म्हणाले, फॉर्ममध्ये फेरफार चालत नाही. काकांनी त्यांच्याच पट्टीने त्यांच्याच फॉर्मवर दुसरी रेघ आखली आणि ती मिनिटभर त्यांच्याकडे बघत आखली. सेक्रेटरींनी आक्षेप मागे घेतला. वरच्या रेघेवर काकूंनी सही केली आणि पुढे 'वास' असं लिहिलं. खालच्या रेघेवर काकांनी, 'मोजणी'.

नवी यादी आठवड्यात लागली. एकच पान, साधा पुठ्ठा, सात नावं जुन्याच नंबरांनी, प्रत्येकाखाली काकूंचे शब्द जसेच्या तसे. चाळीस नंबरला 'बूच काढायचं यंत्र, विक्रीसाठी नाही' अशी नोंद मालकाने हौसेने ठेवून घेतली. आणि खाली दोन्ही सह्या. दाराबाहेर पितळी पाटी बसली. तिच्यावर काय कोरायचं यावर मंडळात दोन बैठका झाल्या, कारण 'उत्तम' म्हणावं तर सव्वीस नंबर आडवा येत होता. शेवटी काकांनी सुचवलेलं वाक्य एकमताने मान्य झालं: 'इथे यादीत आहे ते मिळतं.'

लोक आधी पाटी बघायला आले, मग यादी वाचायला, आणि वाचता वाचता बसले. सव्वीस नंबर तर लोक मुद्दाम मागू लागले, खरंच खोकल्याच्या औषधासारखी आहे का ते बघायला. शनिवारी आठही टेबलं भरली आणि मालकाने आखूड पायाच्या टेबलाला नवा पाय लावला. रस्त्यावर याचा वेगळाच परिणाम झाला. कोणीही न सांगता न्हाव्याने आपल्या दारावरची बारा केशरचनांची चित्रं उतरवून तीन ठेवली. औषधवाल्याने 'चोवीस तास सेवा' ही पाटी आत नेली. काका पेन्सिल कानाला लावून नुसते भाजी आणायला निघाले तरी दुकानदार उभे राहून नमस्कार करू लागले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता काका आणि काकू तिथे आपल्या पैशाने जाऊन बसले. मेहुणेही आले. त्यांनी एक नंबर मागवली, ग्लास हातात घेतला, फिरवायला मनगट उचललं आणि मध्येच थांबले. मग ग्लास त्यांनी बहिणीपुढे धरला. "ताई, जरा बघतेस का, बरी आहे ना?"

काकूंनी हुंगून पाहिलं. "बरी आहे. पी."

काकांचं लक्ष शेजारच्या टेबलाकडे होतं. तिथे दोन नवखी गिऱ्हाइकं यादी वाचत होती. एकाचं बोट नावांवरून खाली खाली गेलं आणि सह्यांपाशी थांबलं. तेहेतीस वर्षं काकांनी ही सही हजारो कागदांवर केली होती, आणि ती कोणी वाचलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"या सह्या कुणाच्या?" त्या माणसाने वेटरला विचारलं.

मुच्छड वेटर क्वचितच हसत असे. त्याने हसून काका-काकूंच्या टेबलाकडे हात केला. "खालची त्यांची," तो म्हणाला, "आणि वरची बाईंची. बिनधास्त मागवा."